समोरच्याची बाजू

सरांच्या शोकसभेत जो उठला त्यानं एकच गोष्ट सांगितली: त्यांचं आयुष्यात कुणाशी भांडण झालं नाही. शांत, मनमिळाऊ, ऋषितुल्य. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते. शोकसभेत मध्येच उठून 'हे खोटं आहे' म्हणणं बरं दिसलं नसतं, म्हणून घरी येऊन सावकाश लिहिते आहे. वर्ध्याच्या आमच्या सरांना भांडणाइतकं दुसरं काही प्रिय नव्हतं. ते भांडण नीट झालं पाहिजे, एवढाच त्यांचा आग्रह असे.

ते गणित शिकवायचे आणि वादविवाद मंडळ चालवायचे. ते मंडळ भाषेच्या शिक्षकांकडे असावं असं पुष्कळांचं मत होतं. सरांनी ते सोडलं नाही. म्हणायचे, "गणितात उत्तर एकच असतं. आठवडाभर एकच उत्तर ऐकून पोट्ट्यांची डोकी आखडून जातात. ती मोकळी करायला शनिवार लागतो." शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही पोळीचा डबा घेऊन गणिताच्या वर्गात जमायचो. सर फळ्यावरची उदाहरणं पुसायचे नाहीत. त्या उदाहरणांसमोर उभं राहूनच बोलायचं.

मंडळाचा नियम एकच होता. समोरच्यानं आपलं म्हणणं मांडलं की उत्तर देण्याआधी त्याचंच म्हणणं त्याला सांगायचं. आपल्या शब्दांत, आणि जमलं तर त्याच्यापेक्षा चांगलं. तो "हो, हेच माझं म्हणणं" म्हणाला तर पुढे बोलायचं. नाही म्हणाला तर पुन्हा सांगायचं. याला आम्ही कबुली घेणं म्हणत असू. नव्या मुलाचा सगळा वेळ कबुली घेण्यातच जायचा आणि त्याचं स्वतःचं मत मनातच राहायचं. सर म्हणायचे, "राहू दे. मत काही नासत नाही."

या नियमामुळे आमची शाळा बाहेरच्या स्पर्धांत हमखास हरायची. दुसऱ्या शाळांची मुलं हातवारे करत, टाळ्या घेत, समोरच्याची फजिती करत. आमची मुलं त्या टाळ्या घेणाऱ्यालाच विचारत, "म्हणजे तुमचं म्हणणं असं आहे ना?" आणि तेवढ्यात घंटा वाजे. शाळेच्या काचेच्या कपाटात एकही ढाल नव्हती. हेडमास्तरांना त्याचं फार वाटायचं. सरांना कपाट रिकामं असल्याचं कुणीतरी सांगितलं तेव्हा कळलं.

त्या दिवसांत राज्यांच्या सीमा नव्यानं ठरायच्या होत्या. वेगळा विदर्भ हवा की सगळ्या मराठी लोकांचं एक राज्य, यावर घराघरांत तावातावानं बोललं जाई. मंडळातले दोन मित्र या विषयावर मारामारीला आले. सरांनी त्यांना समोरासमोर उभं केलं आणि कबुली घ्यायला लावली. एकानं सांगितलं, दुसरा म्हणाला, "नाई. मी असं नाई म्हनलो."

"मंग काय म्हनला बे तू?"

"थेच तं तू सांग ना!"

सर टेबलावर बसून पाय हलवत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर लग्नघरातला आनंद होता. कबुली मिळेपर्यंत दिवस कलला. पुढच्या शनिवारी ते दोघे आले ते बाजू बदलून. वेगळ्या विदर्भाचा एका राज्याचा झाला आणि एका राज्याचा वेगळ्या विदर्भाचा, आणि पुन्हा भांडायला लागले. सर म्हणाले, "उत्तम. आता दोघांनाही दोन्ही घरं माहीत झाली."

घरी काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, याचा जाच व्हायचा. काकू आम्हां मुलींना सांगायच्या, "भाजीत मीठ कमी झालं का हो विचारलं, तर हे आधी मीठ कमी का असावं ते सांगतात. मग जास्त का असावं ते सांगतात. तोपर्यंत भाजी गार होते." एकदा ते बाजारात संत्री घेत होते तेव्हा मी सोबत होते. भाव सांगून संत्रेवाली गप्प बसली. सरांनी तिच्या वतीनं सुरुवात केली: या वर्षी मृगाचा बहर गळाला, बैलबंडीनं आणायला किती सायास पडले, टोपलीतला तळचा माल कसा दबून वाया जातो. बाई ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मास्तर, तुमी माह्याकडून काऊन बोलून राह्यले? आता मले कमी करायले लाज वाटून राह्यली." सरांनी तिनं सांगितलेला भाव दिला आणि म्हणाले, "बरोबरच आहे तिचं." काकूंनी त्यांना पुढे कधी बाजारात पाठवलं नाही.

आणि सर सूत कातायचे. हे आमच्या गावात नवल नव्हतं. पण ते ज्या निष्ठेनं कातायचे तशी निष्ठा मी दुसरीकडे पाहिली नाही. अंगावरचं सगळं कापड स्वतःच्या सुताचं. धोतर इतकं जाड की ते चालताना आवाज यायचा. शिक्षकांच्या सभेला ते पेटीचरखा घेऊन जात, झाकण उघडत, आणि वेळापत्रकावर वाद चालू असताना सूत काढत. ते कधी कुणाला 'तुम्हीही काता' म्हणाले नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "मला आवडतं. तुम्हांला आवडेल की नाही, मला काय माहीत?"

शाळेत मात्र कताई सक्तीची होती. रोज दुपारी घंटा झाली की सगळे वर्ग मैदानात निंबाखाली रांगेत बसायचे. पिंजलेल्या कापसाचे पेळू वाटले जायचे आणि तकल्या, म्हणजे हातातल्या चात्या, फिरायला लागायच्या. मला तो तास फार आवडायचा. मी बोरगावहून पायी येणारी शेतकऱ्याची मुलगी. वर्गात शहरातल्या वकिलांच्या, कारकुनांच्या मुली, आणि माझ्या तोंडून 'मले' निघालं की हसणाऱ्या. त्यामुळे मी बोलायचीच नाही. कताईच्या तासाला कुणीच बोलायचं नसे, आणि माझा धागा सगळ्यांत बारीक निघायचा.

मंडळात मी जायची ती ऐकायला. सरांनी मला पुष्कळ दिवस ऐकू दिलं. मग स्नेहसंमेलन जवळ आलं. संमेलनात शिक्षक विरुद्ध विद्यार्थी असा एक वाद व्हायचा. त्या वर्षीचा विषय सरांनीच काढला: शाळेत कताई सक्तीची असावी. शिक्षकांच्या बाजूनं, म्हणजे सक्तीच्या बाजूनं, ते स्वतः बोलणार होते.

"विरुद्ध कोण?" मुलांनी विचारलं.

सरांनी माझ्याकडे बोट केलं. "ती."

मी म्हटलं, "सर, मला तर कातायले आवडते."

"म्हणूनच. ज्याला कंटाळा आहे तो कंटाळ्याबद्दल बोलेल. त्यात काय ऐकायचं?"

"माझी भाषा..."

"तुझ्या भाषेत बोल. कबुली मला घ्यायची आहे, मी समजून घेईन."

संमेलनाला संस्थेचे अध्यक्ष आले होते. ते वकील होते आणि सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणत. ते ढोंगी नव्हते, हे आधी सांगितलं पाहिजे. तरुणपणी तुरुंगात गेले होते आणि तिथेच कातायला शिकले होते. शाळेतला कताईचा तास त्यांनी आग्रहानं सुरू केला होता. त्या तासाकडे पाहिलं की त्यांना आपलं तारुण्य फुकट गेलं नाही असं वाटत असावं.

मी उभी राहिले. काय बोलले ते मला आजही आठवतं, कारण त्याआधी आणि त्यानंतरही मी इतकं सलग बोललेली नाही. मी म्हटलं, "ज्यांनी पहिल्यांदा चरखा घेतला त्यांच्यावर त्याची सक्ती नव्हती. सक्ती उलटी होती, की घेऊ नका. तरी त्यांनी घेतला, म्हणून तो मोठा झाला. आमच्या हातात तो घंटा वाजवून देतात. माझी माय दिवसभर कापूस वेचते. त्याच कापसाचं सूत मी इथं काढते. थे सूत हस्तकलेच्या खोलीतल्या माळ्यावर जाते, अन् तिथं उंदरं त्यात पिल्लं घालतात. माय अन् मी, दोघीही गिरणीचंच कापड नेसतो. मायला कोणी कातायले सांगत नाही, कारण तिला वेळ नाही हे सगळ्यांना दिसते. आम्हांला वेळ आहे, हे कोणी ठरवलं?"

कुणी हसलं नाही. मी बसले.

सर उठले आणि नियमाप्रमाणे कबुली घ्यायला लागले. माझं म्हणणं त्यांनी मांडलं ते माझ्यापेक्षा कितीतरी नीट. मग म्हणाले, "एक गोष्ट तिनं भिडेखातर सांगितली नाही, ती मी सांगतो. ज्याला नको आहे त्याच्या हातून धागा तुटका निघतो, आणि तो मोठेपणी सुताचा राग करतो. आपण दरवर्षी या मैदानात कताईचे शत्रू तयार करून बाहेर पाठवतो आहोत." माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "हेच तुझं म्हणणं?"

मी म्हटलं, "हो सर. हेच."

आता ते उत्तर देणार होते. सगळी सभा वाट पाहत होती. सरांनी उपरण्याचं टोक हातात घेतलं, त्याचा धागा पाहिला, वर पाहिलं. मग म्हणाले, "याला माझ्यापाशी आज उत्तर नाही," आणि खाली बसले.

पुढच्या रांगेतून काकूंचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "झालं आता."

सोमवारी घंटा झाली, पेळू वाटले गेले, आणि वरच्या वर्गातल्या मुलांनी तकल्या जमिनीवर ठेवल्या. हस्तकलेचे शिक्षक धावत आले. "काय रे, काय तमाशा आहे हा?"

एक मुलगा फार आदरानं म्हणाला, "सर हरले ना जी. मग कातायचं काऊन?"

सगळ्या जिल्ह्यात ही चूक फक्त आमच्याच शाळेतली मुलं करू शकली असती. वाद हा संमेलनातला कार्यक्रम असतो, टाळ्या वाजवून घरी जायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. एकाचा मुद्दा खोडला गेला नाही तर तो खरा धरायचा, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

संस्थेची बैठक झाली. ठरलं ते हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं. येत्या सोमवारी प्रार्थनेनंतर, सगळ्या शाळेसमोर, मी माझं बोलणं मागे घ्यायचं आणि माफी मागायची. सरांनीही मागायची. नाहीतर माझं नाव शाळेतून कमी होणार आणि सरांना या शाळेत जागा राहणार नाही. त्यांनी मला कागदही दिला. दोन ओळींचा होता. "तुझ्यासाठी सोपा लिहिला आहे," ते म्हणाले. तेही वाईट नव्हते, भित्रे होते.

पुढचं वर्ष मॅट्रिकचं. आमच्या घरातलं, घरातलंच काय, आमच्या भावकीतलं कुणी तिथवर गेलं नव्हतं. बाबांनी ऐकलं आणि खांद्यावर दुपट्टा टाकून मला घेऊन थेट सरांच्या घरी आले. ओसरीवर टेकले. काकूंनी पाणी दिलं ते हातातच राहिलं.

"मास्तर, हे काय होऊन बसलं जी? पोरीचं नाव कटलं तं मी काय करू?"

सर त्यांच्यासमोर खाली बसले. म्हणाले, "तुमचं म्हणणं मी सांगतो, चुकलं तर सांगा. लोक हसत असताना तुम्ही मुलीला शाळेत घातलं. वेचणीच्या दिवसांत दोन हात कमी पडले तरी तिला घरी ठेवलं नाही. आता मॅट्रिक एक वर्षावर आलं, आणि एका मास्तराच्या खुळापायी ते जाणार. दोन ओळी वाचून ते वाचत असेल तर वाचाव्यात. शब्दच आहेत, त्यानं काय जातं? हेच ना?"

बाबा त्यांच्याकडे पाहतच राहिले. "हो जी. हेच."

"तुमचं बरोबर आहे."

"मंग सांगा ना तिले, माग म्हना माफी!"

"ते मी नाही सांगणार. तिला विचारा."

"तिले काय इचारता? पोट्टी हाय थे."

"त्या दिवशी बोलली तेव्हाही पोट्टीच होती. सगळी सभा गप्प बसली होती."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सरांना विचारलं, "तुम्ही मागणार?"

"माझं धरून चालू नकोस," सर एकदम चिडून म्हणाले. त्यांना चिडलेलं मी तेव्हाच पाहिलं. "माझ्यामागे मॅट्रिक नाही. मला कुठेही गणित शिकवता येतं. तू माझ्यासाठी नाही म्हणशील तर मला आवडणार नाही, आणि माझ्यासाठी हो म्हणशील तर त्याहून नाही."

आम्ही निघालो. बोरगावच्या वाटेवर बाबा पुढे, मी मागे. नाला ओलांडल्यावर बाबा न वळता म्हणाले, "खरं बोलली होती का तू?"

"हो."

"मायचं नाव घेतलं म्हने सभेत."

"घेतलं."

मग घरापर्यंत ते पुढेच चालत राहिले. दारात चपला काढताना म्हणाले, "पाह्य तुले काय वाट्टे थे. मी काई म्हनत नाई."

सोमवारी प्रार्थना झाली. वकीलसाहेब खुर्चीत बसले होते. सर आधी उठले आणि त्यांनी वकीलसाहेबांचीच बाजू मांडली. तुरुंगातल्या कोठडीत हा माणूस कातायला कसा शिकला, त्या धाग्यानं त्याला तिथे कसं सांभाळलं, आपल्याला मिळालं ते प्रत्येक मुलाला मिळावं ही त्याची तळमळ कशी खरी आहे, आणि मुलांनी तकल्या जमिनीवर ठेवल्या तेव्हा त्याला काय वाटलं असेल. वकीलसाहेबांनी चष्मा काढला. सरांनी विचारलं, "हेच ना आपलं म्हणणं?"

वकीलसाहेब चष्मा हातात धरूनच म्हणाले, "हेच."

"मग ऐका. त्या दिवशी मला उत्तर सापडलं नव्हतं. आठवडाभर शोधलं, आजही नाही. ज्या मुद्द्याला उत्तर नाही त्याबद्दल माफी मागता येत नाही. मी मागणार नाही."

ते खाली उतरले. आता मी. हेडमास्तरांचा कागद माझ्या हातात होता आणि घामानं मऊ झाला होता. पायऱ्या चढताना बाबा फाटकाशी उभे दिसले. त्या वेळी ते वावरात असायला हवे होते. मी कागद घडी करून मुठीत धरला आणि म्हटलं, "माझं चुकलं असेल. काय चुकलं थे कोणी तरी सांगा. सांगितलं तर मी इथं उभी राहूनच मान्य करीन. तोवर माफी नाही मागत."

कुणी काही सांगितलं नाही. मी उतरले.

नाव कमी झालं नाही. मुलीला राहू द्या, असं वकीलसाहेबांनीच बैठकीत म्हटल्याचं पुढे कळलं. सरांना मात्र राहू दिलं नाही. त्यांची बदली गिरड गावाच्या पलीकडच्या, संस्थेच्याच एका लहान शाळेवर झाली. चरखा आणि काकूंचे डबे बंडीत घालून ते गेले. जाताना आम्हां मंडळातल्या मुलांना म्हणाले, "रडू नका, वाद अर्धा राहिला आहे." तिथे गेल्या गेल्या त्यांनी छोट्या मुलांचं मंडळ काढलं. पहिला विषय होता: शाळेत यावं की शेतात राखण करावी. शाळेची बाजू हरली. सरांनी, तिथले हेडमास्तर म्हणून, निकाल फळ्यावर लिहिला, आणि त्या हंगामात राखणीच्या वेळा सांभाळून शाळा भरवली. ज्यांना ते ऋषितुल्य वाटले त्यांनी हे विचारलं असतं तर काकूंनी सांगितलं असतं.

आमच्या शाळेत कताईचा तास चालूच राहिला. मंडळ बंद झालं. मुलांनी हळूहळू तकल्या उचलल्या, मी त्यांना दोष देत नाही. मी उचलली नाही. जी कातणार नाही तिनं सावलीत बसायचं नाही असं ठरलं, म्हणून मॅट्रिकचं सबंध वर्ष त्या तासाला मी निंबाच्या सावलीबाहेर उभी राहत असे. संध्याकाळी घरी जाऊन कातत असे. माझ्या सुताचं मायला एक लुगडं झालं, ते तिनं नेसलं.

उन्हाळा लागत असताना एक दिवस वकीलसाहेब मैदानातून चालले होते. मला पाहून थांबले. छत्री मिटून जवळ आले.

"सावलीत ये, पोरी."

"सक्ती आहे का जी?"

"नाही."

"मग इथंच बरी आहे."

त्यांनी छत्री काखेत धरली. "मास्तरनं हेच शिकवलं तुला?"

"नाही," मी म्हटलं. "सरांनी मला तुमची बाजू शिकवली. ही माझी आहे."

ते लगेच गेले नाहीत. छत्री न उघडता, घंटा होईपर्यंत ते माझ्याशेजारी उन्हात उभे राहिले.